जुनाट दुखणे आणि आत्मिक स्वास्थ्य

घरात कोणाला विषमज्वर झाला, कोणाचे हाड मोडले किंवा कोणावर शस्त्रक्रिया झाली, म्हणजे सारे घर एका दिशेने धावू लागते. कोणी डॉक्टरांकडे जातो, कोणी उशाशी रात्र जागवितो, शेजारीण पेजेचे भांडे आणून ठेवते, आणि आप्तेष्ट समाचारास येतात. या धावपळीमागे एक गोष्ट सर्वांनी मनोमन गृहीत धरलेली असते; ती ही की, हे दुखणे संपावयाचे आहे. महिन्याने म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा, माणूस पुन्हा हिंडूफिरू लागेल.

जुनाट दुखण्याची गोष्ट निराळी. मधुमेह, दमा, संधिवात, कंपवात, अर्धांगवायु, मूत्रपिंडाचा विकार, ही दुखणी पाहुण्यासारखी येत नाहीत. ती घरात राहावयासच येतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसास आठवड्यातून दोन-तीन वेळा रुग्णालयात जाऊन, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रास स्वतःला जोडून घ्यावे लागते, आणि एरवी पाण्याचा घोटही मोजून प्यावा लागतो. संधिवात बोटांत शिरला की सदऱ्याची गुंडी लावणे हे एक काम होऊन बसते. पहिल्या महिन्यात समाचारास वीस माणसे येतात, सहाव्या महिन्यात दोन, आणि वर्षानंतर दारावरून जाणारा नुसते ‘कसे काय?’ विचारून उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. त्यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. न संपणाऱ्या दुखण्याशी कसे वागावे याची रीत आपल्याकडे कोणी शिकविलेली नाही, एवढेच. पण अंथरुणावरच्या माणसास त्या वेळी जे दुखू लागते ते केवळ शरीर नव्हे. त्याच्या मनात प्रश्न उठतात: हे माझ्याच वाट्याला का? माझा आता कोणाला काय उपयोग? आणि उरलेले आयुष्य कशाकरिता काढावयाचे?

या प्रश्नांना कोणत्याही औषधाच्या दुकानात उत्तर मिळत नाही, म्हणून ते वैद्यकाच्या बाहेरचे, पोथीपुराणाच्या कक्षेतले, असे समजण्याची रूढी पडली आहे. ती फार जुनी मात्र नव्हे. आपल्या भाषेतील ‘स्वास्थ्य’ हा शब्दच पाहा. स्वतःच्या ठायी स्थित असणे, हा त्याचा मूळ अर्थ. सुश्रुताने निरोगी माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नि, धातू आणि मलक्रिया यांच्या समतेवर न थांबता, ज्याचा आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न आहेत त्यासच स्वस्थ म्हटले आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला या टप्प्यावर येण्यास बराच काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तीत आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिति असे तीन शब्द घातलेले आहेत. ‘आध्यात्मिक’ हा चौथा शब्द घालावा अशी शिफारस त्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाने १९९८ साली केली. तीवर चर्चा झाली, पण व्याख्या बदलली नाही. निरनिराळ्या धर्मांची व निधर्मी मतांची राष्ट्रे जेथे एकत्र बसतात तेथे या शब्दाची भीति वाटावी हे समजण्यासारखे आहे. शब्द मागे राहिला तरी विषय काही मागे राहिला नाही.

आध्यात्मिक स्वास्थ्य म्हणजे नेमके काय, याचा शोध घेण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील संशोधकांनी केला. त्यांनी दीर्घ व गंभीर आजारातील माणसांकरिता बारा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडते ते रुग्णाने शून्यापासून चारपर्यंत अंक देऊन सांगावयाचे. म्हणजे एकूण गुण ४८. आत्म्याला परीक्षेतल्यासारखे गुण द्यावयाचे, ही कल्पना पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. परंतु या विधानांचे जे तीन गट पडतात ते विचार करण्याजोगे आहेत. पहिला गट अर्थाचा: आपल्या जगण्याला काही प्रयोजन आहे असे रुग्णास वाटते काय? दुसरा शांतीचा: मनात कोठेतरी विसाव्याची जागा आहे काय? आणि तिसरा श्रद्धेचा: आपल्या धर्माचा वा निष्ठेचा आधार त्याला या दिवसांत मिळतो काय? मुख्यतः कर्करोगाने पीडित अशा १६१० रुग्णांची या साधनाने केलेली एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ठिकाणी अर्थ आणि शांति ही दोन्ही भरपूर होती, त्यांच्यापैकी पुष्कळांना वेदना व थकवा असतानाही जगण्याची गोडी टिकवून धरता आली होती. पुढे अशा अनेक पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसली. आयुष्याच्या गोडीशी अर्थ आणि शांति यांचे नाते जितके घट्ट, तितके केवळ श्रद्धेचे नाही. श्रद्धा असून जिला अर्थ व शांति लाभली नाही अशी माणसे असतात. आणि देवाचे नाव न घेता ती लाभलेलीही असतात.

श्रद्धा नेहमी आधारच देते असेही नाही. ती कधी कधी रुग्णाच्या विरुद्ध उभी राहते. अमेरिकेत डरॅम या गावच्या दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन, केनेथ पार्गामेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आपले निष्कर्ष मांडले. देवाने आपणांस टाकून दिले आहे काय, त्याचे आपल्यावर प्रेम उरले आहे की नाही, अशा विचारांनी जे रुग्ण पोखरले गेले होते, त्यांच्यात त्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका काही अंशी अधिक आढळला. आणि रोगाची तीव्रता, वय इत्यादि गोष्टी हिशेबात धरूनही तो फरक राहिला. एका पाहणीवरून सिद्धांत बांधणे योग्य नव्हे, आणि हे रुग्ण बहुतेक ख्रिस्ती असल्याने त्यांच्या मनाची घडणही वेगळी. तरी ही गोष्ट वाचून महाराष्ट्रातील कोणत्याही घरास थोडे चपापावयास हवे.

कारण तोच विचार आपल्या घरांतून दुसऱ्या वेषात वावरत असतो. ‘पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!’ हे वाक्य किती सहज उच्चारले जाते! बोलणाऱ्याच्या मनात सांत्वन असते. नशिबाचा फेरा आहे, तुमचा काही दोष नाही, असे त्याला सुचवावयाचे असते. पण ऐकणाऱ्याच्या कानी पडते ते वेगळेच. त्याला ऐकू येते की, तू काहीतरी केले आहेस. काय केले ते आठवत नाही, कोणापाशी क्षमा मागावी ते कळत नाही, आणि शिक्षा मात्र चालू आहे. याहून अधिक एकाकी स्थिति कोणती असेल? कर्मसिद्धांताचा अधिकार मोठा आहे, परंतु तो माणसाने स्वतःच्या पुढच्या आचरणाकरिता वापरावयाचा आहे. दुसऱ्याच्या गतजन्मीची खातेवही कोणाच्याही हाती दिलेली नाही. ती उघडून दाखविण्याचा आव शेजाऱ्याने आणू नये, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर मुळीच आणू नये.

या एका समजुतीने माणसांचे केवढे नुकसान केले हे पाहावयाचे असेल तर कुष्ठरोगाकडे पाहावे. नॉर्वेतील हॅन्सेन या डॉक्टराने १८७३ साली या रोगाचे जंतू शोधून काढले. तो पापाचा दंड नव्हे, एक संथ गतीने वाढणारा जंतूंचा रोग आहे, हे त्या दिवसापासून जगाला कळावयास हरकत नव्हती. तरीही आपल्या देशात १८९८ साली कुष्ठरोग्यांना वेगळे काढण्याचा कायदा झाला, आणि तो रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. पतिपत्नीपैकी एकास हा रोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते. ते २०१९ साली काढले गेले. वास्तविक १९८० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या संयुक्त औषधोपचाराने हा रोग पुरता बरा होऊ लागला होता. शरीर बरे झाले, पण माणूस परत घेतला गेला नाही, अशी हजारो आयुष्ये या दोन तारखांच्या मधल्या काळात गेली.

परचुरे शास्त्रींची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ते संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. येरवड्यास १९३२ साली ते होते तेव्हा महात्माजीही तेथेच होते. परंतु कुष्ठरोगामुळे शास्त्रीबुवांना वेगळे ठेवलेले, म्हणून दोघांचा संवाद पत्रांतून चाले. पुढे १९३९ च्या अखेरीस, रोग बळावलेल्या स्थितीत, ते सेवाग्रामच्या आश्रमात आले. उरले दिवस शांतपणे काढावेत एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या काळी कडू कवठाच्या तेलाखेरीज या रोगावर फारसे औषध नव्हते, आणि संसर्गाची भीति मोठी. महात्माजींनी त्यांच्याकरिता आपल्या कुटीजवळच झोपडी घालविली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. चित्रात दिसते ती शुश्रूषा. आणि ती थोरच होती. पण चित्रात न दिसणारी एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीने तितकीच थोर आहे. आश्रमाने शास्त्रीबुवांना केवळ आश्रित म्हणून ठेवले नाही. तेथील मंडळी त्यांच्याकडून संस्कृत शिकत, आणि आश्रमात विवाह असला म्हणजे पौरोहित्यास त्यांनाच बोलावले जाई.

ज्या माणसाची सावलीही मंगलकार्यात पडू नये असे समाज म्हणत होता, त्याच माणसाच्या मुखातून विवाहाचे मंत्र ऐकावयाचे! याने रोगाच्या जखमा भरल्या नाहीत. पुढे १९४५ साली वर्ध्याजवळच्या दत्तपूर कुष्ठधामात शास्त्रीबुवांचे निधन झाले. हे कुष्ठधाम विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले. परंतु येरवड्याच्या वेगळ्या खोलीतून सेवाग्रामच्या विवाहमंडपापर्यंत जो मार्ग त्यांनी आक्रमिला, तो औषधाने झालेला नव्हता. मालिश करणाऱ्या हातांनी त्यांना सांगितले की, तुम्ही अस्पृश्य नाही. आणि शिकावयास बसलेल्या माणसांनी सांगितले की, तुमच्यावाचून आमचे अडते. या दुसऱ्या वाक्याची भूक रुग्णाला पहिल्याइतकीच असते, आणि घरोघरी ती बहुधा उपाशी राहते. सेवा करणारे पुष्कळ भेटतात. रुग्णाकडून काही मागणारा सहसा भेटत नाही.

हेच सूत्र बाबा आमटे यांनी वरोड्याच्या आनंदवनात शेतीच्या व कारखान्याच्या रूपाने उभे केले; त्याची कहाणी महाराष्ट्रास ठाऊक आहे. थोड्या लोकांच्या ध्यानात येते ते हे की, बाबा स्वतः दीर्घकाळचे रुग्ण होते. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहावयाचे, नाही तर आडवे पडावयाचे. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी १९८५-८६ साली तशा अवस्थेत केली, त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

प्रत्येक दुखणाईताने बाबा आमटे व्हावे, असे मात्र कोणी त्याला सुचवू नये. थोरांची उदाहरणे रुग्णाच्या उशाशी बसून सांगणे हाही एक छळच होय. ज्याला रात्रभर वेदनांनी डोळा लागला नाही, त्याच्यापुढे सकाळी जीवनाच्या अर्थाची मीमांसा करणे याहून निर्दयपणा नाही. हा क्रम नीट लावून देण्याचे श्रेय सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंकडे जाते. त्या प्रथम परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या, आणि वेदनेच्या प्रश्नाने अस्वस्थ होऊन पुढे वैद्यक शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. असाध्य रुग्णांकरिता लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय त्यांनी १९६७ साली उघडले. रुग्णाची वेदना ही एकेरी नसते, असे त्यांचे म्हणणे. शरीराची पीडा, मनाची भीति, कुटुंबाची व पैशाची काळजी, आणि अर्थ हरपल्याची तळमळ, या चारही गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. तिला त्यांनी ‘समग्र वेदना’ असे नाव दिले. परंतु बाईंनी आरंभ केला तो मॉर्फीनच्या मात्रेपासून. दुखू लागल्यावर औषध द्यावयाचे नाही, तर दुखणे डोके वर काढण्यापूर्वीच ठरलेल्या वेळी द्यावयाचे. म्हणजे रुग्णाला विचार करण्यास, बोलण्यास, रडण्यास व हसण्यास मन मोकळे राहते. त्यानंतर त्या ऐकत बसत. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांति आवेदना सदन निघाले, ते या धर्तीचे आपल्या देशातील पहिले. केरळात कालिकत येथे १९९३ पासून जी चळवळ वाढली तिने तर हे काम रुग्णालयाच्या भिंतींबाहेर काढून गल्लीतल्या सामान्य माणसांच्या हाती दिले. तेथील स्वयंसेवक घरी जाऊन वर्षानुवर्षे अंथरुणावर असलेल्यांची विचारपूस करतात, जखम धुतात, आणि बसून बोलतात.

येथे एक सावधगिरीचा शब्द अवश्य सांगितला पाहिजे. आत्मिक बळाने रोग पळतो, असा पुकारा करणारे लोक प्रत्येक शहरात आहेत, आणि दीर्घ दुखण्याने गांजलेली घरे हीच त्यांची पेठ होय. इन्शुलिन थांबवून अंगाऱ्यावर राहिलेला मधुमेही जिवास मुकू शकतो. प्रार्थनेने शरीरावर काय परिणाम होतो याची परीक्षाही झालेली आहे. हृदयावर शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांचा अमेरिकेत केलेला तो प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. अपरिचित भाविकांनी ज्यांच्याकरिता प्रार्थना केली त्यांच्यात उपद्रव काही कमी झाले नाहीत; उलट आपणांकरिता प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा ५९ जणांना काही ना काही उपद्रव झाला, आणि ज्यांना ते निश्चित सांगितले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५१-५२ होते. ‘आपली अवस्था इतकी का वाईट, की लोक प्रार्थनेस बसावेत?’ अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक तर्क आहे. यावरून प्रार्थना निरर्थक ठरत नाही. ती औषधाच्या बाटलीत भरता येत नाही, इतकेच ठरते. पहाटे उठून हरिपाठ म्हणणाऱ्या आजीबाईंना गुडघा बरा होण्याची अपेक्षा क्वचितच असते. आठ दशके ज्या शब्दांबरोबर घालविली, ते शब्द आजही आपले आहेत, दुखण्याने ते हिरावून नेले नाहीत, ही त्यांची मिळकत असते. त्या वेळी कोणी घाईने गोळी घेऊन आला तर हरिपाठ संपेपर्यंत त्याने दारात थांबावे, औषधाची वेळ पाच मिनिटांनी हलली तर बहुधा बिघडत नाही.

घरात करण्यासारख्या गोष्टी अशाच लहान असतात. दुखणाईताला न विचारता त्याची खाट हलवू नये. आज भाजी कोणती करावयाची, नातवाच्या मुंजीस कोणाला बोलवावयाचे, दिवाणखान्यास रंग कोणता द्यावयाचा, हे प्रश्न त्याच्या खाटेपर्यंत गेले पाहिजेत. आणि त्याचे उत्तर मानलेही गेले पाहिजे, नाहीतर विचारणे हा निव्वळ उपचार आहे हे त्याच्या लगेच ध्यानात येते. बोटे चालत असतील तर शेंगा सोलणे, वाती वळणे, मुलांचे शुद्धलेखन तपासणे. बोटे चालत नसतील तर मुलांकडून पाढे म्हणवून घेणे, घरातल्या जुन्या हकीकती नातवंडांना सांगून लिहवून घेणे. ही कामे करमणुकीकरिता म्हणून दिली तर रुग्ण ओळखतो. ती खरोखर अडलेली असावीत. समाचारास येणाऱ्याने आपल्या ओळखीच्या अमुक माणसास याच रोगात काय झाले ते सांगू नये, नवे औषध सुचवू नये, आणि ‘बरे व्हाल हो’ असे तर म्हणूच नये. ज्याला बरे व्हावयाचे नाही हे ठाऊक आहे, त्याला या तीन शब्दांनी गप्प बसावे लागते. त्यापेक्षा ‘रात्र कशी गेली?’ असे विचारून खुर्ची ओढून बसावे.

राहता राहिली ती शुश्रूषा करणारी व्यक्ति. आणि ती आपल्याकडे बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. दुखणे एकाच्या शरीरात असले तरी दिवस दोघांचे जातात. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न तिलाही पडतो, परंतु तो उच्चारावयाची तिला चोरी, कारण उच्चारला तर ती कृतघ्न ठरते. तिची स्तुति सारे करतात. तिला सुटी कोणी देत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ दिराने, भावाने अथवा शेजारच्या मुलाने खाटेशी बसावे, आणि तिने देवळात जावे, मैत्रिणीकडे जावे, किंवा नुसते टेकडीवर जाऊन यावे. कोठे गेली होतीस, असे परत आल्यावर तिला कोणी विचारू नये.